विद्वत्तेचा दाखला आणि धर्माची परीक्षा

ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेविषयी कोठे वाद निघाला, की त्या धर्माचे काही कैवारी एक नामावळी पुढे करतात. न्यूटन पाहा, पास्कल पाहा, फॅरडे पाहा, असे ते म्हणतात. आनुवंशिकतेचे नियम शोधून काढणारा मेंडेल हा ब्रनो येथील मठातला साधू होता, आणि विश्व प्रसरण पावत आहे हे गणिताने मांडणारा जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू होता, याचीही ते आठवण करून देतात. ही सर्व विधाने खरी आहेत. मग ते विचारतात, एवढ्या थोर बुद्धीच्या माणसांनी ज्या धर्मापुढे मान लवविली तो धर्म असत्य कसा असेल? त्यांचे विरोधकही काही कमी नाहीत. ते आपली नामावळी काढतात. १६०० साली रोम शहरात जिवंत जाळला गेलेला ब्रूनो, १६३३ साली गुडघे टेकून आपले मत परत घ्यावे लागलेला गॅलिलिओ, यांची नावे घेऊन ते म्हणतात की ख्रिस्ती धर्म आणि बुद्धी यांचे हाडवैर आहे. गॅलिलिओ स्वतः अखेरपर्यंत श्रद्धावान कॅथलिक होता, ही गोष्ट ते सोयीस्करपणे विसरतात.

आमच्या मते या दोन्ही याद्या एकाच चुकीच्या पायावर उभ्या आहेत. विद्वानाची श्रद्धा हा धर्माच्या सत्यतेचा पुरावा आहे, असे दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. न्यूटनने किमयेच्या नादात आयुष्याची अनेक वर्षे घालविली, म्हणून किमया खरी ठरली काय? एका विषयात असामान्य असलेली बुद्धी दुसऱ्या विषयात सामान्य असू शकते, इतकेच त्यावरून दिसते.

परंतु याहून मोठा आक्षेप निराळाच आहे, आणि तो आपल्या देशातील बहिष्कृतांना चटकन उमगण्यासारखा आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांची रीत पाहा. चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्ममताच्या ३९ कलमांना संमती दिल्याशिवाय ऑक्सफर्डमध्ये १८५४ पर्यंत विद्यार्थ्याला प्रवेशच मिळत नसे. केंब्रिजमध्ये शिकता येई, पण १८५६ पर्यंत पदवी मिळत नसे. अध्यापकाच्या बहुतेक जागांवरील धर्माची अट तर १८७१ च्या कायद्याने उठली. यहुदी, कॅथलिक आणि चर्चची शिस्त न मानणारे ख्रिस्ती हे सारे या अटींमुळे बाहेर राहिले. ज्या घराच्या दारावर 'श्रद्धावानांखेरीज इतरांस मज्जाव' अशी पाटी लावलेली होती, त्या घरातील सर्व माणसे श्रद्धावान निघाली, यात नवल कोणते? काशीचे सर्व पंडित शेकडो वर्षे ब्राह्मण होते. त्यावरून विद्या ही ब्राह्मण्याचे फळ आहे असा सिद्धांत मांडणारे लोक आमच्या देशात पुष्कळ होऊन गेले. तो सिद्धांत आम्ही मान्य करीत नाही, कारण शंबूकाची कथा आम्हांला ठाऊक आहे. मग तोच सिद्धांत इंग्लंडच्या नावाने आला म्हणून आम्ही का मान्य करावा?

खुद्द न्यूटनची हकीकत या दृष्टीने फार बोलकी आहे. तो ईश्वरावर आणि बायबलावर मनापासून श्रद्धा ठेवणारा होता; धर्मविषयक लेखन त्याने दहा लाखांहून अधिक शब्दांचे केले. पण बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच ईश्वर, हा जो चर्चचा मुख्य सिद्धांत, तो त्याला पटला नव्हता. मूळ ग्रंथांचा कसून अभ्यास करूनच तो या मतास आला होता. केंब्रिजमधील आपली जागा टिकविण्यासाठी त्याला धर्मगुरूची दीक्षा घ्यावी लागणार होती. १६७५ साली राजाने खास सवलत देऊन ती अट माफ केली, म्हणून तो वाचला. आपले मत त्याने जन्मभर झाकून ठेवले. त्याच्या मागून त्याच जागेवर आलेल्या विल्यम व्हिस्टनने तशीच मते उघड बोलून दाखविली, तेव्हा १७१० साली त्याला विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. म्हणजे नामावळीत ज्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, त्याची खरी श्रद्धा कोणती होती हे त्याच्या हयातीत विद्यापीठाला कळते, तर ते नाव नामावळीत राहिलेच नसते. त्याने प्रसिद्ध न केलेली पुष्कळशी हस्तलिखिते १९३६ साली लिलावात निघाली, आणि त्यानंतर हा सारा प्रकार जगासमोर नीटपणे आला.

यावरून धर्माची परीक्षा विद्येच्या संबंधाने करावयाची झाल्यास प्रश्न कोणते विचारावेत, हे ठरविता येते. त्या धर्माने शाळेचे दार कोणासाठी उघडले? आणि आत आलेल्या माणसाने प्रश्न विचारला, तेव्हा त्या धर्माच्या अधिकाऱ्यांनी काय केले?

पहिल्या प्रश्नाचे महाराष्ट्रातील उत्तर ख्रिस्ती मिशनांच्या बाजूने जाते, आणि ते मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला मिस फरार या अमेरिकन बाईंची मुलींची शाळा पाहूनच आपणही मुलींची शाळा काढावी असे त्यांच्या मनाने घेतले. जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता या १४ वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली छापला तो 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्राने. महार-मांगांच्या दुःखाविषयी एका मांग मुलीच्या हातचे लेखन छापण्याचे औदार्य त्या काळी या पत्राने दाखविले, हे विसरून चालणार नाही.

परंतु हे दार सर्वत्र सारखे उघडे नव्हते. कलकत्त्यास १८३० साली अलेक्झांडर डफ याने जी संस्था काढली, तिचा रोख उच्चवर्णीय तरुणांवर होता. वरचे लोक इंग्रजी विद्येने ख्रिस्ती झाले की धर्म आपोआप खाली झिरपेल, असा हिशेब होता. तो हिशेब चुकला. वरच्या वर्गाने विद्या घेतली आणि धर्म नाकारला. मिशनांनी आपली शक्ती ब्राह्मणांना वळविण्यात खर्ची घातली आणि जो अस्पृश्य खरोखर त्यांच्या दाराशी आला त्याच्या ऐहिक उन्नतीकडे दुर्लक्ष केले, असा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या टीकेचा आशय आहे. त्यांचे हे लेखन त्यांच्या पश्चात १९८९ साली, शासनाने प्रसिद्ध केलेल्या पाचव्या खंडात आले. ज्यांना विद्येचा दाखला हवा होता, त्यांना विद्वान बाटवून दाखविण्याची हौस सुटली नाही, एवढाच याचा अर्थ.

आणि जोतीरावांचे काय झाले? मिशनच्या शाळेत शिकूनही ते ख्रिस्ती झाले नाहीत. ख्रिस्ताविषयी त्यांना अत्यंत आदर होता; पण त्याच वयात त्यांनी टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले होते. हा पेन म्हणजे 'एज ऑफ रीझन' लिहून बायबलावर घणाघाती टीका करणारा गृहस्थ. मिशनने त्यांना वाचावयास शिकविले. काय वाचावे हे त्यांनी स्वतः ठरविले. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी असे एक कुटुंब कल्पिले आहे, की ज्यात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असून सर्वजण गुण्यागोविंदाने नांदतात. प्रत्येकाने ग्रंथ वाचावा आणि पटेल तो धर्म घ्यावा, ही त्यामागची अट आहे. धर्म निवडण्याचा अधिकार आईला आणि मुलीलाही स्वतंत्रपणे आहे, याकडे वाचकांचे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतके चांगले उदाहरण नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने मुलीला शिकविले. दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर देशभर पायी हिंडत पुराणे सांगणारी ही मुलगी १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा तेथील पंडितांनी तिची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन वर्षांत वैधव्य आले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुण्याच्या सनातन्यांनी म्हटले, बाई भुलली. मिशनऱ्यांनी म्हटले, पाहा, षट्शास्त्रांची पंडिता आमच्या धर्माला शरण आली. दोघांनाही रमाबाईंची विद्वत्ता आपापल्या यादीसाठी हवी होती. त्यांची बाजू समजावून घेण्याचे काम केले ते जोतीरावांनी. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी स्पष्टपणे रमाबाईंचा पक्ष घेतला. ज्या शास्त्रांनी स्त्री आणि शूद्र यांना नीच ठरविले, ती शास्त्रे स्वतः वाचल्यावर त्या विदुषीने त्यांचा त्याग केला यात गैर ते काय, असा त्यांचा रोख होता.

रमाबाईंनी स्वतः आपल्या धर्मांतराचे कारण जे सांगितले आहे, ते नामावळी करणाऱ्या दोन्ही पक्षांच्या उपयोगी पडणारे नाही. लंडनजवळ फुलहॅम येथे, समाजाने टाकून दिलेल्या 'पतित' स्त्रियांसाठी चालविलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांना आपल्याकडे शास्त्राने केवळ शिक्षाच सांगितली, त्यांना तेथील जोगिणी मायेने वागवितात हे पाहून त्या चकित झाल्या, आणि असे का, हे विचारू लागल्या. तेव्हा त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. षड्दर्शनांचे खंडन करणारे नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचे युक्तिवादही त्यांच्यापर्यंत पोहोचले होते, हे खरे. पण त्या पंडितेच्या अंतःकरणाला हात घातला तो माणुसकीच्या वागणुकीने.

बाप्तिस्म्यानंतर जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि संस्कृत शिकवीत. तरुण मुलग्यांनाही त्यांनी शिकवावे असा बेत निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी मोडता घातला. हिंदू स्त्रीने पुरुषांस शिकविले तर स्वदेशात तिचे वजन जाईल, असे कारण त्यांनी दिले. कलकत्त्याच्या पंडितसभेत पुरुषांसमोर शास्त्रार्थ केलेल्या स्त्रीला हे सांगण्यात आले! रमाबाईंनी हे मुकाट्याने ऐकून घेतले नाही. त्र्येकत्वाच्या सिद्धांतावर त्यांनी तशाच शंका घेतल्या, जशा न्यूटनने कपाटात कुलूपबंद ठेवल्या होत्या. पण रमाबाईंनी त्या आपल्या गुरुभगिनीला पत्रे लिहून उघडपणे विचारल्या. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो आहोत, पाद्री-बिशपांच्या तोंडून पडेल तो प्रत्येक शब्द मानण्यास बांधलेलो नाही, आणि एका पुरोहितवर्गाचे जू महत्प्रयासाने उतरविल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जू घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक पवित्र ते काय, असेही त्यांनी विचारले. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. धर्म आणि बुद्धी यांचा संबंध ज्यांना समजून घ्यावयाचा असेल, त्यांनी विद्वानांच्या नामावळ्या बाजूला ठेवून तो वाचावा.

रमाबाईंच्या कार्याला दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. त्यांचे गाजलेले इंग्रजी पुस्तक, नावाप्रमाणेच, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखाचे आहे. १८८९ साली मुंबईत काढलेले 'शारदा सदन' हे मुख्यतः वरच्या जातींच्या विधवांसाठी होते आणि तेथे जातीचे नियम पाळण्याची मोकळीक होती. १८९३ साली मुली ख्रिस्ती होत आहेत असा गवगवा 'केसरी'ने केला, आणि रानडे-भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यानंतर १८९७ चा आणि १९०० चा दुष्काळ आला, आणि केडगावच्या 'मुक्ती'त सर्व जातींच्या उपाशी मुली व बायका आल्या. त्यांची संख्या २००० च्या घरात गेली. पुढे पुढे रमाबाईंची भक्ती अधिक भाविक झाली, पूर्वीची वादबुद्धी मावळली, असे काही विद्वान खेदाने म्हणतात. त्यांना आम्ही इतकेच सांगू, की याच 'भाविक' वर्षांत त्या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सबंध बायबल मुळावरून मराठीत आणले. ते भाषांतर संस्कृतप्रचुर करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते अडाणी बाईला समजेल अशा सोप्या मराठीत केले. १९२२ साली त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

आता, ज्याला कोणी कोणत्याही नामावळीत घातले नाही अशा एका माणसाविषयी. १८७३ साली पंजाबातील सियालकोट येथे सॅम्युअल मार्टिन या अमेरिकन पाद्र्याकडे दित्त नावाचे एक गृहस्थ आले. ते चुहडा जातीचे, निरक्षर, एका पायाने लंगडे, कातडी खरेदी करून विकणारे होते. त्यांनी बाप्तिस्मा मागितला, आणि तो मिळताच आपण घरी परत जाणार असे सांगितले. पाद्री घोटाळ्यात पडला, कारण नव्या ख्रिस्त्याने मिशनच्या आवारात राहून शिकावे अशी तेव्हाची रीत होती. दित्त परत गेले. जातभाईंनी छळ केला. ते हटले नाहीत. काही महिन्यांतच त्यांनी आपली बायको, मुलगी आणि शेजारी यांना पायी चालवीत सियालकोटला आणले. पुढच्या काही दशकांत त्या जिल्ह्यातील चुहडा समाजाचा बहुतांश भाग ख्रिस्ती झाला. डफच्या विद्यालयाने जे साधले नाही ते एका निरक्षर माणसाने साधले. रमाबाईंना फुलहॅममध्ये जे दिसले तेच दित्त यांना दिसले असावे: येथे मी माणूस म्हणून उभा राहू शकतो. हे ओळखण्यास हिब्रू लागत नाही.

तरीही रमाबाईंचे धर्मांतर 'वैचारिक' आणि दित्त यांचे 'पोटासाठी', ही वर्गवारी आजही चालते. १९३६ साली डॉ. जॉन मॉट यांच्याशी बोलताना गांधीजींनी अस्पृश्यांच्या आकलनशक्तीची तुलना गाईशी केली. गाईला कोणी धर्मोपदेश करील काय, असे त्यांनी विचारले. ते 'हरिजन'मध्ये छापून आले, आणि आपल्या मनात तुच्छता नव्हती असा खुलासा त्यांनी पुढे केला. १९५६ साली नागपुरास लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाही, या लोकांनी त्रिपिटक वाचले आहे काय, असा प्रश्न कुत्सितपणे विचारला गेला. जन्माने हिंदू राहणाऱ्याला वेद वाचलेत काय असे कोणी विचारीत नाही. बुद्धीचा दाखला मागितला जातो तो फक्त सोडून जाणाऱ्याला, आणि त्यातही तो खालच्या जातीचा असेल तर.

हा केवळ निंदकांचा समज असता तर आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले असते. तो कायद्यात शिरला आहे. १९६७ साली ओरिसाने आणि १९६८ साली मध्य प्रदेशाने धर्मांतरासंबंधी कायदे केले. बळजबरीने, फसवून किंवा आमिष दाखवून धर्मांतर करविणाऱ्याला त्यात एक वर्षापर्यंत कैद आणि ५००० रुपयांपर्यंत दंड सांगितला. आणि धर्मांतर करणारी व्यक्ती अज्ञान, स्त्री अथवा अनुसूचित जाती-जमातीची असल्यास शिक्षा दुप्पट केली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरविले. मध्य प्रदेशाने २०२१ साली जुन्या कायद्याच्या जागी नवा केला, त्यातही ही वर्गवारी कायम असून शिक्षा दोन ते दहा वर्षांपर्यंत नेली आहे. बळजबरी हा गुन्हाच आहे, आणि त्याला शिक्षा असावी याबद्दल आमची तक्रार नाही. पण सज्ञान स्त्रीला आणि सज्ञान अनुसूचित माणसाला अज्ञान बालकाच्या ओळीत का बसविले? 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळविलेली, चार-पाच भाषांतील धर्मग्रंथ वाचलेली स्त्री या कलमाप्रमाणे सहज फसणारी ठरते. दित्तही ठरतात. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेला महार पदवीधरही ठरतो. आणि एकही ग्रंथ न वाचलेला सवर्ण पुरुष मात्र आपले हित जाणणारा ठरतो.

हे संकट ख्रिस्ती समाजापुरते आहे, अशा भ्रमात आपल्यापैकी कोणी राहू नये. गुजरात सरकारच्या गृहखात्याने ८ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढून बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म असल्याचे सांगितले. ते आम्हांला मान्यच आहे. पण त्याच परिपत्रकाने हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाण्यासाठी २००३ च्या कायद्यानुसार जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक असल्याचेही बजावले. त्या २००३ च्या कायद्यातही स्त्रिया व अनुसूचित जाती-जमाती यांच्याविषयीचे जादा शिक्षेचे कलम आहे. ते रद्द करण्याची मागणी चर्चच्या संस्था करीत आल्या आहेत. ती बौद्ध संघटनांनी, आणि विशेषतः बौद्ध स्त्रियांच्या संघटनांनी, स्वतःच्या नावाने केली पाहिजे.